ई-मेलद्वारे नोकरीचा अर्ज : परिचयपत्राची मांडणी व पाठवणी

आयुर्वेद पदवीधराने पदवीनंतर स्वतःचा दवाखाना थाटावा, हा आपल्या व्यवसायातील रूढ मार्ग. तो आजही खुला आहे. तथापि पंचकर्म केंद्रे, धर्मादाय रुग्णालये, आयुर्वेद महाविद्यालये, फार्मसींचे उत्पादन व गुणनियंत्रण विभाग आणि संशोधन संस्था येथे नोकरी करणाऱ्या वैद्यांचा वर्गही आता लहान राहिलेला नाही, आणि या नोकऱ्यांचा पहिला दरवाजा बहुतेक ठिकाणी ई-मेल हाच आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यापूर्वीचे अर्ज टपालाने जात. पाकीट फोडले की आतील कागद वाचता येणार, एवढी खात्री तेव्हा असे. ई-मेलने गेलेल्या फाइलची ती खात्री देता येत नाही. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर जे सुबक दिसते, ते घेणाऱ्याच्या पडद्यावर तसेच उतरेल असे नाही.

प्रस्तुत लेखकाकडे गेली काही वर्षे एका मध्यम आकाराच्या फार्मसीकडे व तिच्या पंचकर्म केंद्राकडे येणारे अर्ज प्रथम चाळण्याचे काम आहे. या कामात एक गोष्ट वारंवार जाणवते. पुष्कळ अर्ज उमेदवाराच्या योग्यतेचा विचार होण्याआधीच बाजूला पडतात. फाइल उघडत नाही. उघडली तर अक्षरे वाचता येत नाहीत. वाचता आली तर उमेदवाराने प्रत्यक्ष कोणते काम केले आहे हे कळत नाही. पहिल्या दोन अडचणी यंत्राच्या आहेत व त्या सहज दूर होतात. तिसरी अडचण लेखनाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. म्हणून आरंभ तिथूनच करू.

दृष्टकर्म कसे लिहावे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेकवार पाहिलेले व केलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. परिचयपत्रांत यांपैकी पहिला गुण भरपूर आढळतो. दहावीपासूनचे गुण, विषयवार टक्केवारी, परिसंवादांची प्रमाणपत्रे यांनी दोन पाने भरतात. दुसऱ्या गुणाच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते : ‘पंचकर्मातील सर्व क्रियांचा प्रदीर्घ अनुभव.’ या ओळीतून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. बस्ती रोज देणारा वैद्यही हेच लिहितो आणि आंतरवासितेत दाराशी उभे राहून दोन वमने पाहिलेलाही हेच लिहितो.

त्याऐवजी, नमुन्यादाखल, असे लिहावे : ‘जुलै २०२२ ते जून २०२४. ३० खाटांचे आयुर्वेद रुग्णालय, पंचकर्म विभाग, निवासी वैद्य. वमन १८, पैकी ७ स्वतंत्रपणे, विरेचन सुमारे ६०, बस्ती नित्य, जलौकावचारण सहायक म्हणून. संसर्जनक्रम व व्यापद्‌ यांची नोंदवही स्वतः ठेवली.’ एवढ्या चार ओळींत मुलाखत घेणाऱ्याला विचारण्यासारखे पाच-सहा प्रश्न सापडतात, आणि मुलाखतीचे बोलावणे येते ते असे प्रश्न सापडले म्हणूनच. पाहिलेले, साहाय्य केलेले व स्वतः केलेले हे तीन प्रकार वेगळे लिहिण्यात कमीपणा नाही. अनुभवी वाचकाच्या मनात असा अर्ज उलट अधिक विश्वास निर्माण करतो, कारण ज्याने मोजले आहे त्याने काम केले आहे असे तो धरून चालतो. मात्र आकडा असा असावा की विचारल्यास नोंदवहीतून दाखवता येईल. रुग्णाचे नाव, छायाचित्र अथवा ओळख पटेल असा तपशील परिचयपत्रात कदापि येऊ नये. उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे जोडणारे उमेदवार आपल्या शुचितेविषयीच शंका उत्पन्न करतात.

‘मधुमेहाचे शेकडो रुग्ण पूर्णतः बरे केले’ अशा धर्तीची विधानेही टाळावीत. औषधी द्रव्ये व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. परिचयपत्र म्हणजे जाहिरात नव्हे हे खरे. परंतु ज्या संस्थेला उद्या आपल्या नावाने माहितीपत्रक छापावयाचे आहे, ती असे वाक्य लिहिणाऱ्या वैद्याला रुग्णांसमोर बसवताना कचरते.

फार्मसीतील पदासाठी अर्ज असेल तर वाचणाऱ्याची दृष्टी वेगळ्या जागी जाते. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम १५७ प्रमाणे आयुर्वेदिक औषधांचे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते आणि अशी किमान एक व्यक्ती पूर्णवेळ नोकरीत असावी लागते. आयुर्वेदाची मान्यताप्राप्त पदवी असणाऱ्यास तेथे निराळ्या अनुभवाची अट नाही. औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र यांच्या पदवीधरास या प्रकारच्या औषधांच्या उत्पादनाचा किमान २ वर्षांचा, तर राज्याच्या नोंदवहीत नोंद असलेल्या वैद्यास किमान ४ वर्षांचा अनुभव असावा लागतो. तेव्हा आपण यांपैकी कोणत्या वर्गात बसतो, हे परिचयपत्राच्या पहिल्या पाच ओळींतच स्पष्ट व्हावयास हवे. मालकाला परवान्याच्या कागदपत्रांत तुमचे नाव घालता येईल की नाही, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. सुवर्णपदकाची चौकशी तो नंतर करतो. त्यापुढे कोणत्या विभागात काम केले ते लिहावे : चूर्ण, वटी, आसव-अरिष्ट, तैल-घृत, की भस्म. एका बॅचचे प्रमाण किती किलो अथवा लिटर असे, कोणती यंत्रे स्वतः हाताळली, शेड्यूल टी नुसार बॅचच्या नोंदी कोण ठेवीत असे, हेही यावे. ‘खल, बॉल मिल व मास मिक्सर हाताळले, अरिष्टाच्या संधानाच्या नोंदी ठेवल्या’ हे वाक्य ‘औषधनिर्माणात विशेष रुची’ या वाक्याहून कितीतरी अधिक सांगते.

विवाहाचा बायोडेटा आणि नोकरीचा

आपल्याकडे ‘बायोडेटा’ म्हटले की घरात प्रथम विवाहाचा बायोडेटा आठवतो, आणि त्याची छाया नोकरीच्या अर्जावर पडते. उंची, वर्ण, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, मामांचे गाव, कधी कधी रास व नक्षत्रसुद्धा! शिरोभागी गणपतीचे चित्र, भोवती वेलबुट्टीची चौकट. श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु यांतील एकही गोष्ट नियुक्तीच्या निर्णयाला उपयोगी नाही आणि काही गोष्टी अनोळखी माणसाला न कळलेल्याच बऱ्या. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, दूरध्वनी, ई-मेल पत्ता आणि राहण्याचे शहर एवढे पुरे. महाराष्ट्रातील वैद्यांनी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक व नूतनीकरणाची मुदत पहिल्याच पानावर लिहावी. हा क्रमांक शोधण्यासाठी वाचकाला तिसऱ्या पानावर जावे लागणे, हा मला नेहमीच आढळणारा दोष आहे.

छायाचित्राबद्दल मतभेद आहेत. भारतात ते पुष्कळ ठिकाणी मागतात. मागितले तर लावावे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी त्या त्या देशाची रीत पाहावी. ब्रिटनमध्ये परिचयपत्रावर छायाचित्र व जन्मतारीख न घालण्याचा प्रघात आहे, जर्मनीत छायाचित्राची पद्धत बरीच रूढ आहे.

लांबीबाबत माझा कल कडक आहे. नुकत्याच पदवी घेतलेल्यास एक पान, अनुभवी वैद्यास दोन पाने. अध्यापकांना शोधनिबंधांची यादी द्यावी लागते, ती स्वतंत्र जोडावी. अलीकडचे काम आधी, जुने नंतर, हा क्रम ठेवावा. दोन रकाने, तक्ते, मजकुराच्या चौकटी, रंगीत पट्ट्या आणि ‘संगणक ८० टक्के, नेतृत्व ९० टक्के’ असे दाखवणारे आलेख यांचा मोह टाळावा. मोठ्या रुग्णालयांत व कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणकप्रणाली वाचते व त्यांतून शब्द वेचते. अशा चौकटींतील मजकूर तिच्याकडून निसटतो किंवा उलटसुलट क्रमाने वाचला जातो. कागदावर छापून, सही करून, मोबाइलने छायाचित्र काढून पाठवलेले परिचयपत्र तर तिच्या लेखी निव्वळ चित्र असते.

अक्षरांचा प्रश्न

मराठीतून अर्ज करणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी, कृतिदेव किंवा योगेश यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेखन होत आले आहे. या फाँटांची युक्ती अशी की संगणकाच्या स्मृतीत अक्षर इंग्रजीच साठवले जाते. फाँट फक्त त्याच्या जागी देवनागरी आकृती दाखवतो. दुकानातील संगणकावर तो फाँट असतो म्हणून मजकूर उत्तम दिसतो. फार्मसीच्या कार्यालयात तो नसतो, आणि तेथे उघडलेल्या फाइलमध्ये रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. युनिकोडची गोष्ट निराळी. त्यात ‘क’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर ‘क’ च राहते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश झालेला आहे. तेव्हा दुकानदाराला ‘युनिकोडमध्ये टंकित करा’ असे स्पष्ट सांगावे, किंवा मोबाइलवर स्वतःच टंकित करावे. मोबाइलचा मराठी कळफलक युनिकोडच वापरतो.

फाइल पीडीएफ स्वरूपात पाठवावी. हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ साली आणले व २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात फाँट फाइलमध्येच अंतर्भूत करता येतो आणि पानाची मांडणी हलत नाही. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ओळी सरकतात आणि एक पान दोन पाने होते. पीडीएफ केल्याने जुन्या फाँटाचा दोष पूर्णपणे जातो असे मात्र नाही. डोळ्यांना मजकूर नीट दिसतो. परंतु कोणी त्यातील तुमचे नाव उचलून आपल्या यादीत चिकटवू गेला, किंवा ‘पंचकर्म’ हा शब्द शोधू गेला, तर पुन्हा तीच खिचडी हाती लागते. परीक्षा सोपी आहे : तयार पीडीएफमधील एक ओळ निवडून मोबाइलच्या संदेशात चिकटवून पाहावी. ती मराठीतच उमटली, तर फाइल निर्दोष.

इंग्रजी की मराठी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत अर्ज करावा, एवढेच उत्तर पुरेसे आहे. इंग्रजीत लिहिताना संस्कृत संज्ञांचे लेखन संपूर्ण अर्जात एकसारखे ठेवावे. एका ओळीत ‘बस्ती’ व दुसरीत ‘वस्ती’ अशा रोमन रूपांनी परप्रांतीय वाचक गोंधळतो.

बाटलीवरील लेबल

फार्मसीमालकांना एक उदाहरण लगेच पटेल. लेबल नसलेली बाटली भांडारात आली तर तिच्यात अस्सल दशमूलारिष्ट असले तरी ती विक्रीला जात नाही. ‘रेझ्युमे’, ‘बायोडेटा न्यू’, ‘फायनल २’ अशा नावांच्या फाइली म्हणजे लेबल नसलेल्या बाटल्या होत. एकाच दिवशी अशा पंधरा फाइली एका संगणकात उतरल्या की कोणती कोणाची हे फाइल उघडल्यावाचून कळत नाही. फाइलीच्या नावात आपले नाव, पदवी व पद असावे. तीच गोष्ट ई-मेलच्या विषयाच्या ओळीची. ती रिकामी सोडणारे उमेदवार अजूनही भेटतात, याचे नवल वाटते. ‘पंचकर्म वैद्य पदासाठी अर्ज : वैद्य (नाव), एम.डी. पंचकर्म, ३ वर्षे अनुभव’ एवढी ओळ पुरते. जाहिरातीत पदाचा क्रमांक दिला असेल तर तो जरूर घालावा.

ई-मेलचा मुख्य मजकूर कोरा ठेवून केवळ फाइल जोडणे हे, माझ्या मते, दवाखान्यात शिरून एक शब्द न बोलता टेबलावर रिपोर्ट टाकण्यासारखे आहे. आठ-दहा ओळींचे पत्र लिहावे. नमुना असा :

‘मा. व्यवस्थापक यांस, सादर नमस्कार. आपल्या संस्थेतील उत्पादन वैद्य या पदाची जाहिरात वाचली. मी बी.ए.एम.एस. असून रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विषयात एम.डी. केले आहे. मागील २ वर्षे एका फार्मसीच्या तैल-घृत विभागात काम करीत असून बॅचच्या नोंदी व कच्च्या मालाची स्वीकृती ही कामे माझ्याकडे आहेत. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. परिचयपत्र (२ पाने, पीडीएफ) सोबत जोडले आहे. मूळ प्रमाणपत्रे मुलाखतीच्या वेळी दाखवीन. कळावे, आपला विश्वासू,’ आणि खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक व दूरध्वनी.

संस्थेचे नाव प्रत्येक वेळी बदलून लिहावे. एका संस्थेला पाठवलेल्या पत्रात प्रतिस्पर्धी संस्थेचे नाव राहिलेले दिसते, तेव्हा वाचणाऱ्याला हसू येते आणि अर्ज तेथेच संपतो. तीस संस्थांचे पत्ते एकाच ओळीत घालून एकच पत्र धाडणे तर त्याहून वाईट. प्रत्येकाला बाकीचे एकोणतीस पत्ते दिसतात.

प्रमाणपत्रांची जोडणी व सावधगिरी

ई-मेल मुळात साध्या अक्षरांची वाहक. चित्रे व इतर फाइली तिच्यातून नेण्याची माइम ही पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडली. जोडलेली फाइल प्रवासापुरती अक्षरांत रूपांतरित होते व त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे.  मोबाइलने काढलेली बारा प्रमाणपत्रांची छायाचित्रे एवढा आकार सहज गाठतात, आणि काही कार्यालयांच्या मर्यादा याहूनही कमी असतात. मग उमेदवार ड्राइव्हची लिंक पाठवतो, पण ती उघडण्याची परवानगी द्यायला विसरतो! परिचयपत्राची फाइल एक एमबीच्या आत ठेवावी व प्रमाणपत्रे मागितल्यावरच, एकत्रित एका पीडीएफमध्ये पाठवावीत.

ती मागितल्याशिवाय पाठवू नयेत याला आकाराहून गंभीर कारण आहे. नोंदणी प्रमाणपत्र, पदवी व आधारपत्र यांच्या स्वच्छ प्रती अनोळखी पत्त्यावर गेल्या, की त्यांचा वापर कोठे होईल हे आपल्या हातात राहत नाही. वर उल्लेखिलेल्या नियम १५७ मुळे वैद्याच्या पदवीला परवान्याच्या कामी किंमत आहे. जी व्यक्ती फार्मसीत कधी पाऊलही टाकणार नाही, तिचे नाव पूर्णवेळ तंत्रज्ञ म्हणून कागदावर दाखवण्याचा गैरप्रकार आपल्या व्यवसायाला अपरिचित नाही. म्हणून प्रतीवर आडवे लिहावे : ‘केवळ अमुक संस्थेतील अमुक पदाच्या अर्जासाठी’, आणि दिनांक घालावा. हे मोबाइलवरही दोन मिनिटांत होते. आधार देणे अपरिहार्यच झाले तर शेवटचे चार अंकच दाखवणारी, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळणारी मास्क्ड प्रत द्यावी. पण अर्जाच्या टप्प्यावर तिची गरज का पडावी, हे विचारण्याचा अधिकार उमेदवाराला आहे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा गणवेशाची अनामत आगाऊ मागणारे उत्तर आले तर पैसे पाठवू नयेत. प्रथम संस्थेच्या ज्ञात दूरध्वनीवर, ई-मेलमध्ये दिलेल्या नव्हे, चौकशी करावी.

अर्ज स्वीकारणाऱ्यांसाठी

हे सर्व उमेदवारांना सांगितले. आता फार्मसीमालक व केंद्रचालक बंधू-भगिनींशीही थोडे बोलले पाहिजे. ‘योग्य उमेदवारांनी संपर्क साधावा’ अशी जाहिरात दिली तर अर्जही तितकेच मोघम येतात. पद, विभाग, कामाचे ठिकाण, वेतनाची मर्यादा, पात्रतेचा वर्ग आणि अर्जाची अंतिम तारीख लिहावी. अर्जांसाठी स्वतंत्र ई-मेल पत्ता ठेवावा; विक्री विभागाच्या पत्त्यावर आलेला अर्ज देयकांच्या गर्दीत हरवतो. पोच द्यावी. दोन ओळींची पोच आपोआप जाईल अशी सोय ई-मेलमध्येच असते. लहान गावातला तरुण वैद्य आठवडाभर त्या दोन ओळींची वाट पाहत असतो, आणि उत्तर नाही म्हणून दूरध्वनी करण्याचा त्याला संकोच वाटतो.

जोडलेली फाइल उघडण्यापूर्वी तिच्या नावाचा शेवट पाहावा. विंडोजमध्ये फाइलीचे प्रकारदर्शक शेपूट सहसा लपलेले असते, त्यामुळे ‘पीडीएफ’ दिसणाऱ्या नावाच्या मागे ‘ईएक्सई’ दडलेले असू शकते. तसली फाइल म्हणजे प्रणाली असते, कागद नव्हे. ज्या संगणकावर बॅचच्या नोंदी व हिशेब आहेत, त्यावर अनोळखी अर्ज उघडू नयेत.

निवड न झालेल्यांचे कागद किती काळ ठेवायचे, याचा विचार बहुतेक संस्थांत झालेलाच नसतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशा माहितीविषयी ती बाळगणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. भरती पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत, समजा सहा महिन्यांत, हे अर्ज काढून टाकावेत : ई-मेलमधून, संगणकाच्या डाउनलोड कप्प्यातून, आणि व्यवस्थापकाने सोयीसाठी स्वतःच्या मोबाइलवर पुढे पाठवून घेतले असतील तर तेथूनही. कोणाचे परिचयपत्र पुढच्या भरतीसाठी ठेवावेसे वाटले, तर त्यांना तसे ई-मेलने विचारून घ्यावे.